यंदा मामा रमले पाहिजेत

३१ डिसेंबर २०१८, सोमवार

सरलं बाई एकदाचं हे वर्ष! यांच्या कंपनीनं नव्या वर्षाची डायरी दिलीय. "उद्यापासून लिही की," म्हणे. उद्यापर्यंत माझा उत्साह टिकायला पाहिजे ना! पुढची दोन पानं फोन नंबर लिहायला कोरी सोडलीत, तिथंच घुसलेय.

आणि 'यांच्या' कशाला? तोंडानं नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही, ठीक आहे. डायरीला कुठं कान आहेत? आदिनाथ. आदिनाथ. आदिनाथ! घ्या. आभाळ काही कोसळलं नाही.

वर्ष कसं गेलं म्हणावं? पोळ्यानंतर पावसानं जे तोंड फिरवलं ते फिरवलंच. सिल्लोडकडं आमच्या वस्तीवरची विहीर दिवाळीतच तळाला गेली. मामांचा गुडघा सुजून भोपळा झाला होता, तरी मेंढरं घेऊन खानदेशात उतरायचंच म्हणून बसले होते. मामा म्हणजे माझे सासरे. मुंजाबा नाव. जन्म सगळा मेंढरांमागं गेला. शेवटी आदिनाथ हातापाया पडला. दिवाळीच्या पाडव्याला मामांनी मेंढरांना ओवाळलं, शिंगांना गेरू लावला आणि सगळा कळप भाच्याच्या, सांडूभाऊजींच्या हवाली केला. काठी नाही दिली. काठी घेऊन इकडं आले, बजाजनगरला, आमच्या दोन खोल्यांत.

बरोबर आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, बानाबाई. त्या काय, महिन्याभरात गल्लीच्या पुढारी झाल्या. टँकर आला की पहिली घागर त्यांची. टीव्हीवरच्या सुनांना शिव्या देतात, मला देत नाहीत, देव त्या टीव्हीवाल्यांचं भलं करो. पण मामा? पायरीवर बसून असतात. घोंगडी खांद्यावर, काठी मांडीवर. समोरून कंपन्यांच्या बसा जातात, त्या बघतात. एक भाकर खातात, तीही माझ्यावर उपकार केल्यासारखी.

तर संकल्प. स्कूटी शिकायची. बी.ए.चं शेवटचं वर्ष पुरं करायचं, मुक्त विद्यापीठाची पुस्तकं माळ्यावर पडलीत. राग कमी करायचा (आत्याबाई हसल्या हे ऐकून. इतक्या हसल्या की खोकला लागला). आणि सगळ्यात मोठा – यंदा मामा इथं रमले पाहिजेत. बस! बाकीचे राहिले तरी चालतील, हा नाही.

एक आणखी आहे, ते आदिनाथला नाही सांगितलं. मामा प्रत्येक मेंढीला नावानं हाक मारायचे. मोरी, बांडी, चांदी. माझ्याशी मात्र सात वर्षांत सरळ बोलले नाहीत. सुनेचं नाव घ्यायचं नाही, सुनेशी समोरासमोर बोलायचं नाही. आधी आत्याबाईंमार्फत, ज्ञानू बोलायला लागल्यापासून ज्ञानूमार्फत. "ज्ञानू, तुझ्या मायला सांग, कालवणात मीठ नाय." मी चुलीपाशी, ते चुलीसमोर! पाच वर्षांच्या पोरीला मध्ये टपालखातं करून ठेवलंय.

दीपाली नाव आहे माझं. काही अवघड आहे का?

१ जानेवारी

मामांना नवीन वर्षाचा नमस्कार केला. "ज्ञानू, तुझ्या मायला विचार, कामून? आज कोणतं वर्ष? पाऊस पडला म्हंजी वर्ष." म्हणजे या हिशेबानं मागचं वर्ष अजून सरलेलंच नाही. झालं!

८ जानेवारी

स्कूटीवरून पडले. कोपर फुटलं. बी.ए.चं पुस्तक उघडलं. झोप आली.

१५ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. बायका हळदीकुंकवाला येऊन गेल्या. तीळ जरा जास्तच भाजले गेले, पण गोड बोलायचा दिवस, कुणी काही म्हणलं नाही.

बायका गेल्यावर आत्याबाई पाय पसरून बसल्या. मी सहज म्हणलं, मामा झोपेत कुणाला हाक मारतात? 'काजळे, काजळे' करतात. मला तर बाई दुसरंच काहीतरी वाटलं होतं!

"सवत व्हती माझी," आत्याबाई म्हणाल्या. आणि हसत सुटल्या. "मेंढी गं! डोळ्याभवती काळी कडा, काजळ घातल्यावानी. एका साली आजिंठ्याच्या घाटात ह्याला हिवताप भरला. पडला तिथंच झुडपात. सांडू म्होरं, मेंढरं त्याच्या मागं, कुणाच्या ध्यानात नाय. सगळा कळप घाट उतरून गेला. ती एकटी माघारी फिरली. ह्याच्यापाशी येऊन हुभी ऱ्हायली आन् वरडाया लागली. हालंना. तिच्या वरडण्यावरून सांडूला घावला हा. नायतर मी आज कुंकू लावती का?"

कुठंय मग ती आता, विचारलं. मागच्या दुष्काळात गेली, तीन वर्षं झाली. म्हातारी झाली होती, चारा नव्हता.

"तिच्या माघारी तसल्याच डोळ्यांच्या दोन निघाल्या. सांडू म्हणला, मामा, हिला काजळी म्हणू. तर ह्यो म्हणतो कसा – ते नाव डोळ्यावरनं पडल्यालं नाय. दिलं नाय कुणाला."

मामा पायरीवर होते. ऐकू गेलं असेल का? पाठ होती त्यांची आमच्याकडं.

२ फेब्रुवारी, शनिवार

आज लिहिण्यासारखं घडलं! ज्ञानूला मागच्या मैदानावर खेळायला सोडायचं होतं, मला टँकरची वाट बघायची होती. मामांना कसं सांगायचं? मी पण त्यांचाच मार्ग धरला. "ज्ञानू, आजोबांना विचार, नेतात का तुला?" मामा उठले! काठी टेकत, एक पाय ओढत, निघाले.

दिवस मावळताना बघते तर काय – मामा मागं, पुढं ज्ञानू, शेजारच्या सोमनाथ भाऊजींचा पिंट्या, वरच्या मजल्यावरची जुळी, टेलरची पोरगी, गल्लीतलं यच्चयावत लेकरू! मामा काठी आडवी धरून "हिर्रर्र... हाः! हाः!" आणि लेकरं खिदळत, पळत, एकही इकडंतिकडं नाही. रोज आया घसे फुटेस्तोवर हाका मारतात तेव्हा येत नाहीत ही कार्टी!

सगळ्या दारांत बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या. दीपमाला, सोमनाथ भाऊजींची बायको, म्हणाली, "दीपाली, उद्यापण पाठव गं बाबांना!"

मामांनी दोन भाकरी खाल्ल्या.

१० फेब्रुवारी

रोजचंच झालंय. मामा मोजत नाहीत लेकरं. मी म्हणलं मोजून आणा, म्हणजे ज्ञानूला म्हणलं तसं सांगायला. उत्तर आलं – "मोजलं की दृष्ट लागती. तोंडं बघायची. तोंड नसलं की कळतं."

जुळ्यांपैकी कोणता कोण हे त्यांच्या बापाला कळत नाही. मामांना कळतं म्हणे. म्हणे! खरं-खोटं तपासणार कोण?

१९ फेब्रुवारी

स्कूटीवरून मैदानाला पूर्ण चक्कर! लेकरं मध्ये येत होती. मामांनी "हाः" केलं, सगळी बाजूला. मी पण दचकून ब्रेक मारला. मामा हसले. दात दिसले! मी बघितलं. आत्याबाईंना सांगितलं तर म्हणाल्या, "दात हायेत त्याला अजून, ठावं हाय मला."

संकल्प जमत आलाय. मीच माझी पाठ थोपटते, दुसरं कोण थोपटणार?

२८ फेब्रुवारी

तीन दिवस नळ नाही. आदिनाथची सेकंड शिफ्ट. ज्ञानूला ताप. पण मामा रमलेत. लिहून ठेवते – रमलेत!

१४ मार्च, गुरुवार

पेन पानात रुततंय. रागानं. लिहिलं म्हणजे उतरेल.

काल संध्याकाळी लेकरं मैदानावरून एकटीच आली. मामा नाहीत. ज्ञानू म्हणाली, "आजोबांना नवीन बाळ सापडलंय. लिंबाखाली बसलेत. म्हणले तुम्ही पळा घरी, मी त्याची माय येईस्तोवर बसतो."

मला काही वाटलं नाही. भाकरीचं पीठ मळायला घेतलं. दिवेलागण झाली तरी पत्ता नाही, आणि मैदानाकडून गलका ऐकू आला. तशीच पिठाच्या हातांनी पळाले.

ही गर्दी! मध्ये मामा. मांडीवर दोन-अडीच वर्षांचं पोरगं, घोंगडीत गुंडाळलेलं, खुशाल झोपलेलं. आणि पलीकडच्या गल्लीतली दांडगी पोरं मामांच्या डोक्यावर उभी – "कुठून उचललं? बोल ना ए म्हाताऱ्या!" दोन आठवडे झाले, मोबाईलवर ते मुलं पळवणाऱ्यांचे व्हिडिओ फिरतायत, कुठले कुठले, खरे-खोटे. सगळ्यांची डोकी तापलेली. मामांचं एकच – "उचललं नाय. चुकलंय. हितंच येईल त्याची माय." पोरगं द्या म्हणलं तर – "मायच्या हातात दीन. दुसऱ्या कुणाच्या नाय." आणि घोंगडी आणखी घट्ट धरली. झालं, चोर ठरायला आणखी काय लागतं?

एकानं मामांची गचांडी धरली. हिसका दिला. मामांचा फेटा खाली पडला, मातीत.

सात वर्षांत मामांचं डोकं मी उघडं बघितलं नव्हतं. विरळ पांढरे केस. लहान लेकरासारखं दिसत होतं डोकं. आणि सोमनाथ भाऊजी तिथंच उभे! ज्यांचा पिंट्या मामा रोज दारात आणून सोडतात ते! खाली मान घालून.

मग मला काय झालं ठाऊक नाही. गर्दीत घुसले. फेटा उचलला. डोक्यावरचा पदर कधीच गेला होता. मामांच्या शेजारी मातीत बसले, अगदी अंगाला अंग लावून. कोणती सून सासऱ्याशेजारी अशी बसेल? बसले. आणि ओरडले – "आता उठवा! आधी मला उठवा, मग यांना हात लावा! सासरे आहेत माझे! तुमची लेकरं रोज यांच्या काठीमागं घरी येतात, तेव्हा नाही दिसले चोर? सोमनाथ भाऊजी, वर बघा! पिंट्याला कोण आणतं? लाज वाटते का जरा? काढा गाडी आणि जा पोलीस चौकीत, लेकरू हरवल्याचं सांगायला कुणी आलंय का बघा!"

आणखी बरंच बोलले. ते इथं लिहिण्यासारखं नाही.

सोमनाथ भाऊजी गेले. पोरं जरा मागं सरकली. आम्ही बसून राहिलो. मामा माझ्याशी बोलले नाहीत, मध्ये निरोप न्यायला ज्ञानू नव्हती. ते त्या लेकराची पाठ थोपटत होते. फेटा मी मांडीवर धरला होता, माती झटकत.

मग सोमनाथ भाऊजींच्या गाडीवर मागं बसून एक म्हातारी आली, चतुराबाई म्हणून. सिल्लोडचीच निघाली! लेकीकडं आदल्याच दिवशी आलेली, नातवाला घेऊन दुकानात गेली, तेवढ्यात पोरगं निसटलं. तिनं बसथांब्यापर्यंत धाव घेतली, मग चौकीत जाऊन रडत बसली. नातवाला घेतलं, मुके घेतले, दोन रपाटे घातले, रडली. आणि मग मामांवर उलटली. "अवो बाबा, लेकरू घावलं तर रस्त्यावर घिऊन यावा ना! दुकानात इच्यारावा! म्या समदं गाव पालथं घातलं!"

मामा म्हणाले, "चुकल्या कोकराला हलवत नसतेत, बाई. जिथं सुटलं तिथंच माय येती. हुंगत येती."

"म्या काय मेंढी व्हय, हुंगत यायला!"

सगळे हसले. सगळी गर्दी! मघाशी गचांडी धरणारा पण. आणि – मलाही हसू आलं. आवरलंच नाही.

मामा नाही हसले. म्हातारीकडं बघत राहिले, मग लिंबाकडं, मग मैदानाकडं. चुकलं होतं त्यांचं. खरंच चुकलं होतं, म्हातारी बोलली त्यात काय खोटं? जन्मभर जे कधी चुकलं नाही ते इथं चुकलं. फेटा मी दिला, तो त्यांनी तिथं नाही बांधला. हातात घेऊन घरी आले.

१५ मार्च

राग कमी करायचा संकल्प – वाटोळं. बरं झालं!

१८ मार्च, सोमवार

लेकरं रोज दारात येऊन उभी राहतात. "आजोबा, चला ना." मामा म्हणतात, गुडघा दुखतो. पिंट्या तर रडायलाच लागला. मामांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला, उठले नाहीत. पायरीवर पण बसत नाहीत आता. आतल्या खोलीत, भिंतीकडं तोंड करून.

आज निरोप आला – "ज्ञानू, तुझ्या बापाला सांग, पाडवा झाला की मला सांडूकडं सोड."

आदिनाथनं कपाळावर हात मारला. तिकडं पाणी नाही, गुडघा गेलाय, काय करणार तिथं? मी त्याच्याही वरचढ. मामा इथंच राहतील, मी रमवीन, डॉक्टर बदलू, अमुक करू, तमुक करू. आत्याबाई गप्प. त्या गप्प असल्या की मला भीती वाटते.

२१ मार्च, धुळवड

सोमनाथ भाऊजी आणि दीपमाला आले होते. गुलमंडीच्या बाजारातून फेटा आणलेला, पांढरा, चांगला लांबलचक. भाऊजी मामांच्या पायांवर डोकं ठेवून उठेचनात. "बाबा, माझी जीभच उचलली नाय त्या दिवशी."

मामांनी फेटा घेतला. "चहा टाकायला सांग," एवढंच म्हणाले, ज्ञानूला. फेटा बांधला नाही. उशाशी ठेवलाय.

दीपमालाशी मी अजून नीट बोलत नाही. बोलेन. धुळवडीला माफ करायचं असतं, पण आजच्या आजच काय?

२४ मार्च

लायसन्स आलं! फोटोत मी दरोडेखोर दिसते. मामांनी अर्धी भाकर खाल्ली.

२६ मार्च, मंगळवार

पाडव्याचे कपडे घ्यायला आत्याबाईंना घेऊन गुलमंडीवर गेले. त्यांनी दुकानदाराला असं काही घोळात घेतलं की तोच शेवटी हात जोडून म्हणाला, "अम्मा, ले जाओ!" मग आम्ही उसाचा रस प्यायला बसलो.

मी सुरू केलं. मामांना देवळात नेऊ, बागेत नेऊ, आपल्याकडचे दोन-चार म्हातारे शोधू. आत्याबाईंनी ग्लास खाली ठेवला.

"तुला तो पायजे का तुझा संकल्प पायजे?"

मला राग आला. आलाच! सात वर्षं करतेय सगळ्यांचं, आणि वर हे!

"चिडू नगंस. ऐक. मला हितं गमतं. नळ, टीव्ही, बाया. त्याला नाय गमत, आन् त्यात तुझा कायबी दोष नाय. तू लेकरं दिली त्याला चारायला, मला दिसत नाय व्हय? पर ती दुसऱ्याची लेकरं. येकदा फेटा पडला आन् समदी वळखदेख गेली वाऱ्यावर. आता त्याच्या हातात काय ऱ्हायलं?"

मग मी म्हणलं, आणि तुम्ही? ते तिकडं, तुम्ही इकडं?

त्या हसल्या. "अगं, आमचा संसारच तसा झाला. आठ म्हयने तो रानात, मी वस्तीवर. घरी आला की चार दिस लई ग्वाड, पाचव्या दिशी भांडण! आत्ता कुठं रोज तोंडासमोर बसायची पाळी आली. मला बी इट आलाय त्याचा!" पण हे म्हणताना डोळे पुसले. रसाच्या दुकानात काही धूर नसतो, मला कळतं.

गुडघ्याचं काय, मी विचारलं. तर म्हणाल्या, मेंढरं चरायला जातात तेव्हा बारकी कोकरं वाडग्यात, म्हणजे जाळीच्या कुंपणात, मागं राहतात, त्यांच्यापाशी बसायला कुणीतरी लागतंच. सांडूची पोरं शाळेत. "गुडघा मोडला म्हून डोळं मोडलं का?"

खरं होतं म्हणूनच झोंबलं.

३१ मार्च, रविवार

आदिनाथला सांगितलं. मामांना जाऊ दे. तो आधी ओरडला – "लोक काय म्हणतील, बापाला दुष्काळात हाकलून दिलं!" मी म्हणलं, लोकांनी त्या दिवशी काय म्हणलं ते ऐकलंय मी. मग रडला. लग्नानंतर पहिल्यांदा बघितलं त्याला रडताना. म्हणाला, "मला वाटलं, इथं आणलं म्हणजे मी चांगला मुलगा."

चांगलाच आहेस रे बाबा. हे तोंडानं नाही म्हणले, डोकं चेपून दिलं.

सांडूभाऊजींना फोन लावला. कळप परत सिल्लोडच्या अलीकडं आलाय. एका शेतकऱ्याच्या मक्याच्या रानात बसवलाय, बोअरला थोडं पाणी आहे, लेंडीखताच्या बदल्यात मेंढरांना पाजू देतो. "मामा येत असतील तर माझं डोक्यावरचं वझं उतरंल, वहिनी," म्हणाले.

मामांना सांगितलं. जेवताना दुसरी भाकर मागितली.

६ एप्रिल, पाडवा

गुढी उभारली. आदिनाथला उद्या सुट्टी मिळाली नाही. मी सोडून येणार. मीच! बसस्थानकापर्यंत स्कूटीवर.

आत्याबाईंनी मामांचं बोचकं बांधलं. मध्येच म्हणाल्या, "म्हाताऱ्या, लवकर ये." मामा म्हणाले, "पाऊस पडला की." दोघं सरळ बोलतात एकमेकांशी, किती बरं वाटत असेल!

८ एप्रिल, सोमवार

काल सकाळी मामा बाहेर आले तर डोक्याला सोमनाथ भाऊजींचा फेटा. नवा कोरा, पांढराशुभ्र. भाऊजी गॅलरीत होते. बघितलं आणि पटकन आत गेले. दीपमालानं मला प्रवासाला दशम्या दिल्या. घेतल्या. बोलले पण.

सगळी लेकरं दारात. मामांनी एकेकाचं तोंड हातात धरून बघितलं. जुळ्यांपैकी एकाला दुसऱ्याच्या नावानं हाक मारली! जुळी खो खो हसली. म्हणजे मला जो संशय होता तो खराच.

मग वरात! मी पुढं, मागं मामा, घोंगडी, बोचकं, आणि काठी भाल्यासारखी उभी. नगर रोडवर ट्रकवाले वळून वळून बघत होते. एका पुलावर गाडी जरा डगमगली, मामांनी मागून "हाः!" केलं. मला की स्कूटीला, कळलं नाही. दोघी सरळ झालो.

जळगाव रोड सगळा उकरून ठेवलाय. मोठा रस्ता होणार म्हणे, झाडं कापलीत, जिकडंतिकडं प्लॉटचे बोर्ड. बस म्हणजे धुराळ्याची पेटी. ज्ञानू घरी, त्यामुळं मामांची पंचाईत. निरोप द्यायला माणूसच नाही! बराच वेळ चुळबुळ केली. मग पुढच्या सीटवर एक अनोळखी पोरगं आईच्या खांद्यावरून बघत होतं, त्याला म्हणाले, "बाळ, त्या बाईला म्हणावं, पाणी पे. ऊन लागंल." ते बाळ दीड वर्षाचं! मी तोंड खिडकीकडं करून हसले आणि पाणी प्याले.

फाट्यावर सांडूभाऊजी मोटारसायकल घेऊन उभे होते. दोन फेऱ्यांत आम्हाला रानात नेलं. उजाड रान, कुठं हिरवं नाव नाही. मेंढरं वाळक्या धाटांत तोंड घालून होती, बरगड्या दिसत होत्या. मला वाटलं, कुठं आणून सोडलं मी यांना! परत न्यावं का?

मामांनी शीळ घातली. एक मान वर झाली. मग दुसरी. मग सगळा कळप धुराळा उडवत आला. मामा मध्ये, दिसेनातच, फक्त पांढरा फेटा. नावं ऐकू येत होती. मोरे! बांडे! आलीस का गं! चांदी कुठाय? मी एका बांधावर बसून मनसोक्त रडले. आनंदानं की कशानं, कोण विचारतंय!

जाळीच्या वाडग्यात बारकी कोकरं होती. मामा त्यांच्यात बसले, गुडघा लांब करून. त्यांच्या अंगाखांद्यावर सगळी. दशम्या खाल्ल्या. एवढ्या खाल्ल्या की मला एक उरली.

निघताना पाया पडले. "मामा, येते." मामा वर बघेनात. मांडीवरच्या कोकराचा कान चोळत त्याला म्हणाले, "जा म्हणावं आता. उन्हं कलायच्या आत घरी पोच म्हणावं. गाडी दमानं हाक म्हणावं."

कोकरू म्हणालं, ब्यॅ.

"बरं," मी म्हणलं. कोकराला.

घरी पोचल्यावर भाऊजींना फोन करून सांगितलं, पोचले म्हणून. आत्याबाईंनी टीव्ही लावला नव्हता. डायरी उघडून ३१ डिसेंबरचं पान वाचलं. स्कूटी झाली. बी.ए. माळ्यावर. राग तिथंच. आणि सगळ्यात मोठा संकल्प मीच स्वतःच्या हातानं, स्कूटीवर बसवून, मोडून आले. तरी वाईट वाटत नाही. थोडंच वाटतंय. घोंगडीचा वास अजून आहे खोलीत.

१३ एप्रिल, शनिवार

सांडूभाऊजींचा फोन आला. आवाज बारीक केलेला. "वहिनी, येक इच्यारू का? मामाचं डोस्कं ठिकाणावर हाय ना? रोज दिवस मावळला की मला म्हणत्यात, काजळीचा फोन आला का रं? आवं, काजळी मरून तीन वर्षं झाली!"

मी म्हणलं, "भाऊजी, द्या त्यांना फोन. आलाय म्हणावं."